जनरल मोटर्स : शिवडीपासून तळेगांवपर्यंत

तवसाळहून फेरीबोटीनें खाडी ओलांडून ज्या मोटारी जयगडास उतरतात, त्यांच्या तोंडावरील चिन्हें आमच्या शाळेंतील लहान मुलांनाहि पाठ असतात. त्यांतील एक चिन्ह मात्र अलीकडे क्वचितच दृष्टीस पडतें. आडव्या, रुंद फुलीसारखें हें सोनेरी चिन्ह शेव्हरोले या नांवाच्या मोटारींचें होय. लग्नसराईंत आणि गणपतीच्या दिवसांत मुंबईहून माणसें भरून आणणारी टवेरा गाडी पुष्कळांना आठवत असेल. तिच्यावर हेंच चिन्ह असे. ही गाडी विकणारी मूळ अमेरिकन कंपनी म्हणजे जनरल मोटर्स. १९३१ पासून सुमारें सत्याहत्तर वर्षें ही कंपनी जगांत सर्वांहून अधिक मोटारी विकीत होती. २००९ सालीं तिचें दिवाळें निघालें. आपल्या देशांत ती दोनदां आली आणि दोनदां निघून गेली, व दोन्ही खेपांस तिनें महाराष्ट्राच्या भूमीवर कारखाना घातला होता. शाळेच्या अंकांत तिची हकीकत देण्याचें कारण असें कीं, आपल्या भागांतील पुष्कळ मुलें आय. टी. आय.चें शिक्षण संपवून चाकण-तळेगांवकडे नोकरीसाठीं जातात. ज्या छपराखालीं तीं उभीं राहतात तें छप्पर कशाच्या आधारावर आहे, हें त्यांना व त्यांच्या आईबापांना ठाऊक असावें.

या कथेंतील पहिला पुरुष विल्यम ड्युरंट हा मोटारींचा नव्हे, घोडागाड्यांचा व्यापारी होता. अमेरिकेच्या मिशिगन संस्थानांतील फ्लिंट या गांवीं १८८६ सालीं उसने पैसे काढून त्यानें हा धंदा मांडला आणि वीस वर्षांच्या आंत तो त्या देशांतील प्रमुख गाडी-कारखानदारांपैकीं एक झाला. १९०४ सालीं त्यानें ब्यूइक नांवाची डबघाईस आलेली मोटार-कंपनी हातीं घेऊन ती सांवरली. पुढें १६ सप्टेंबर १९०८ रोजीं त्यानें जनरल मोटर्सची स्थापना केली, आणि ओल्ड्समोबील, कॅडिलॅक, ओकलंड अशा कंपन्या एकामागून एक विकत घेऊन तिच्या पोटांत घातल्या. एका नमुन्याची मोटार एखाद्या वर्षीं खपली नाहीं तर दुसऱ्या नमुन्यानें घर चालवावें, हा त्याचा विचार खोटा नव्हता. पण खरेदीसाठीं लागणारा पैसा बहुतेक कर्जाऊ असल्यामुळें दोन वर्षांतच कंपनीच्या किल्ल्या सावकारी पेढ्यांच्या हातीं गेल्या. ड्युरंट गप्प बसणारा नव्हता. लुई शेव्हरोले नांवाच्या, स्वित्झर्लंडमध्यें जन्मलेल्या एका धाडसी शर्यतपटूस हाताशीं धरून त्यानें १९११ सालीं नवी कंपनी काढली, तिच्या बळावर १९१६ सालीं जनरल मोटर्स परत मिळविली, आणि १९२० सालीं शेअरबाजारांतील उलाढालींत ती पुन्हां गमावली. ती कायमचीच. १९३६ सालीं त्याचें स्वतःचेंहि दिवाळें निघालें. त्यानंतर आपल्याच फ्लिंट गांवीं त्यानें चेंडूच्या खेळाचा एक अड्डा चालविला आणि १९४७ सालीं तो वारला. शेव्हरोलेची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. त्याचें व ड्युरंटचें बिनसलें, तो कंपनी सोडून गेला, पण त्याचें नांव मात्र कंपनीपाशींच राहिलें. त्या नांवाच्या कोट्यवधि मोटारी पुढें जगभर खपल्या; त्या खपाशीं त्याचा कांहीं संबंध उरला नव्हता.

ड्युरंटनें जमविलेला पसारा ज्यानें शिस्तीस लावला त्याचें नांव आल्फ्रेड स्लोन. १९२३ सालीं तो अध्यक्ष झाला, तेव्हां अमेरिकेंत हेन्री फोर्डची सद्दी होती. फोर्डची मोटार एकच, बहुतेक काळ तिचा रंगहि एकच काळा, आणि किंमत दरवर्षीं कमी होत जाणारी. त्याच्याशीं स्वस्ताईंत बरोबरी करणें शक्य नाहीं हें स्लोननें ओळखलें व निराळाच मार्ग काढला. साध्या मिळकतीच्या मनुष्यास शेव्हरोले, त्याहून बऱ्या स्थितींतील कुटुंबास पाँटियाक, मग ओल्ड्समोबील, मग ब्यूइक, आणि श्रीमंतांस कॅडिलॅक, अशा पांच पायऱ्या त्यानें बांधल्या. पगार वाढला कीं गिऱ्हाइकानें एक पायरी वर चढावें, पण जिना सोडूं नये, अशी ती योजना होती. कंपनीनें १९१९ सालींच मोटारी हप्त्यानें देण्यासाठीं एक स्वतंत्र पेढी काढलेली होती. तिचा स्लोननें भरपूर उपयोग केला. दरवर्षीं मोटारीच्या रूपांत थोडा बदल करून गेल्या वर्षींची मोटार जुनी दिसावयास लावण्याची रीतिहि त्याच्याच कारकीर्दींत रुळली. या दोन शोधांचें कौतुक करावें कीं नाहीं याबद्दल प्रस्तुत लेखकास शंका आहे. आपल्या गांवांतहि हप्ता थकला म्हणून वसुलीचीं माणसें दारांत येऊन उभीं राहिल्याचीं उदाहरणें आईबापांना सांगावयास नकोत.

तथापि कंपनीच्या त्या काळांतील सर्वच करामती बाजारी नव्हत्या. पूर्वीं मोटार चालू करावयाची म्हणजे समोर उभें राहून लोखंडी हँडल जोरानें फिरवावें लागे. तें उलटें फिरून मनगट मोडल्याच्या हकीकती शेंकडों होत. चार्ल्स केटरिंग या संशोधकानें बॅटरीच्या विजेवर इंजिन सुरू करणारें यंत्र तयार केलें आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत तें प्रथम बसविण्यांत आलें. मोटार बायकांना व वृद्धांनाहि एकट्यानें चालवितां येऊं लागली ती या यंत्रामुळें. तसेंच जुन्या पद्धतीचा रंग वाळावयास आठवडेच्या आठवडे लागत. १९२३ च्या सुमारास आलेल्या नव्या रंगामुळें तेंच काम कांहीं तासांवर आलें आणि रस्त्यांवर निळ्या, हिरव्या, तांबड्या मोटारी दिसूं लागल्या.

परंतु त्याच प्रयोगशाळेंतून १९२१ सालीं पेट्रोलमध्यें शिशाचें द्रव्य मिसळण्याची युक्तीहि बाहेर पडली. तिनें इंजिनाची खडखड थांबली खरी. शिसें हें विष आहे हें मात्र त्या काळींहि अज्ञात नव्हतें. १९२४ सालीं हें द्रव्य तयार करणारे कांहीं कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले, तरी विक्री वाढतच गेली. भारतांतील पेट्रोलांतून शिसें नाहींसें झालें तें २००० सालीं, आणि साऱ्या जगांतील पंपांवरून गेलें तें २०२१ सालीं. एका खडखडीचा उपाय शंभर वर्षें मुलांच्या श्वासांत जात राहिला.

फोर्डनें १९२७ सालीं आपली प्रसिद्ध काळी मोटार बंद केली आणि जनरल मोटर्स पुढें सरकली. याच दशकांत तिनें देशोदेशीं कारखानेहि घातले. हिंदुस्थानांत तिनें त्यासाठीं मुंबईची शिवडी निवडली. १९२८ सालीं तेथून पहिली शेव्हरोले बाहेर पडली.

शिवडीचा कारखाना म्हणजे नेमकें काय, हें विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावें. इंजिन, दांतचक्रें, सांगाडा, पत्र्याचे भाग हें सर्व परदेशांत तयार होई व पेट्यांत भरून बोटीनें मुंबई बंदरांत येई. शिवडींत तें एकत्र जोडीत, रंग देत आणि मोटार उभी करीत. सबंध मोटार आणण्यापेक्षां सुटे भाग आणल्यास बोटीवर जागा थोडी लागते व जकातहि हलकी पडते, म्हणून हा खटाटोप. आपल्या खाडीच्या कांठीं होडी बांधतात ती आठवा. लांकूड निवडणें, फळ्या कापणें, त्यांना बांक देणें हें सारें जर परगांवीं झालें आणि येथल्या सुतारानें आलेल्या फळ्या खिळ्यांनीं सांधल्या, तर होडी येथें बांधली असें म्हणतां येईल. पण पुढच्या वर्षीं परगांवाहून फळ्या आल्या नाहींत तर त्या सुतारानें काय करावें? नेमका हाच प्रश्न स्वातंत्र्यानंतर देशापुढें उभा राहिला.

त्याआधीं शिवडीच्या कामाबद्दल एक चांगला शब्द लिहिला पाहिजे. शेंकडों मराठी तरुणांच्या हातांत पान्हा व मोजमापाचीं यंत्रें पहिल्यानें आलीं तीं अशा कारखान्यांतून. दुसऱ्या महायुद्धांत तेथें लष्करासाठीं गाड्या जुळविल्या गेल्या. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरास सरकारी एस्. टी.ची पहिली गाडी सुटली ती लांकडी सांगाड्याची, काथ्याच्या बैठकींची बेडफर्ड होती. ही बेडफर्ड जनरल मोटर्सच्याच इंग्लंडमधील शाखेची, आणि त्या आरंभींच्या ताफ्यांत शेव्हरोले गाड्याहि होत्या. ज्यांच्या आजोबांनीं एस्. टी.च्या आगारांत नोकरी केली असेल त्यांनीं घरीं जाऊन या नांवांविषयीं विचारून पाहावें.

याच सुमारास मुंबईंत कुर्ल्यास दुसरा एक प्रयोग चालला होता. सोलापुरास जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांना येथें संपूर्ण मोटार बनवावयाची होती. सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनीं १९३५ च्या सुमारास या कामाची योजना आंखून दिलेली होती. परंतु इंग्रज सरकारनें युद्धाचें कारण पुढें करून साह्य नाकारलें. अखेरीस १९४४ सालीं क्रायस्लर या अमेरिकन कंपनीच्या सहकार्यानें प्रीमियर ऑटोमोबाइल्स निघाली आणि १९४७ सालीं कुर्ल्यांतून मोटारी बाहेर पडूं लागल्या. आरंभीं तीहि जुळवणीच होती. फरक एवढाच कीं, वालचंदांची कंपनी एकेक भाग येथें करावयास लागली, आणि शिवडीच्या कंपनीनें ती जबाबदारी घेतली नाहीं. १९५३ सालीं सरकारनें जकात आयोगाच्या शिफारशीवरून ठरविलें कीं, ज्यांची येथें उत्पादन करण्याची क्रमवार योजना असेल त्यांनींच या धंद्यांत राहावें. जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघींनींहि १९५४ सालीं मुंबईंतील कारभार आटोपला. कुर्ल्याची कंपनी राहिली. मुंबईच्या रस्त्यांवर ज्या काळ्यापिवळ्या टॅक्सी कित्येक वर्षें धांवल्या त्या तिच्याच होत. सरकारचें धोरण बरोबर होतें कीं चूक याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. स्पर्धा नाहींशी झाल्यामुळें तीच तीच मोटार तीस-पस्तीस वर्षें घ्यावी लागली हें खरें. परंतु भाग ओतण्याची व कातण्याची विद्या येथें रुजली, आणि आज पुण्याच्या परिसरांत जे असंख्य लहान कारखाने सुटे भाग बनवितात त्यांच्या पूर्वजांत या धोरणाची गणना करावी लागेल असें आम्हांस वाटतें.

शिवडी सोडली तेव्हां स्वदेशीं या कंपनीचें ऐश्वर्य कळसास पोंचलें होतें. अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या दर दोन मोटारींपैकीं जवळजवळ एक तिची असे. १९५५ सालीं तिचा निव्वळ नफा एक अब्ज डॉलरच्या वर गेला. अमेरिकेंतील कोणत्याहि कंपनीस त्यापूर्वीं हें साधलें नव्हतें. या संपत्तींत कामगारांना वांटा मिळाला तो सहजासहजीं नव्हे. ३० डिसेंबर १९३६ रोजीं फ्लिंटच्या कामगारांनीं काम थांबविलें, पण ते घरीं गेले नाहींत. यंत्रांशेजारींच बसून राहिले. कडक थंडींत चव्वेचाळीस दिवस ते आंत राहिले. दाराबाहेरून त्यांच्या बायका अन्न पोंचवीत. अखेर ११ फेब्रुवारी १९३७ रोजीं कंपनीनें त्यांच्या संघास मान्यता दिली. पुढें १९५० सालीं झालेल्या करारानें त्यांना निवृत्तिवेतन मिळालें, आणि औषधपाण्याच्या खर्चाचा भारहि कंपनीनें हळूहळू आपल्या शिरावर घेतला.

अभिवचन चांगलें होतें. तें देणाऱ्यांनीं पुढचा हिशेब मात्र नीट मांडला नाहीं. सुकाळाच्या सात वर्षांत कोठारें भरून ठेवणाऱ्या योसेफाची गोष्ट आमचे विद्यार्थी जाणतात. या कंपनीनें सुकाळांत दुष्काळाचे करार केले आणि कोठारें पुरेशीं भरलीं नाहींत. पुढें यंत्रें वाढलीं, कामगार कमी झाले, आणि निवृत्त झालेल्यांची संख्या कामावर असलेल्यांच्या कितीतरी पट झाली. २००५ च्या सुमारास प्रत्येक मोटारीच्या किंमतींत औषधपाण्याचेच सुमारें दीड हजार डॉलर असतात, असें कंपनी सांगूं लागली.

तरीहि केवळ या ओझ्यानें ती बुडाली असें म्हणणें कामगारांवर अन्याय करण्यासारखें होईल. १९७३ सालीं अरब देशांनीं तेल रोखलें, पेट्रोल महागलें, आणि अमेरिकन गिऱ्हाइकाची दृष्टि जपानच्या लहान मोटारींकडे वळली. त्या मोटारी पेट्रोल थोडें खात एवढेंच नव्हे, तर वारंवार बिघडतहि नसत. त्या चांगल्या कां, हें शोधण्याची एक अपूर्व संधि जनरल मोटर्सला मिळाली होती. ती हकीकत थोडी विस्तारानें सांगण्यासारखी आहे.

कॅलिफोर्नियांत फ्रीमाँट येथें कंपनीचा एक कारखाना होता. तेथील कामगार बदनाम होते. रोज शंभरांपैकीं सुमारें वीसजण गैरहजर, कोणी कामावर दारू पिऊन येई, कोणी मुद्दाम मोटारींत खोड ठेवी. १९८२ सालीं कंपनीनें तो बंद केला. १९८४ सालीं जपानच्या टोयोटाबरोबर भागी करून तोच कारखाना पुन्हां उघडण्यांत आला. कारभार टोयोटाकडे, आणि कामगार बहुतांशीं तेच जुने. त्यांच्यापैकीं कित्येकांना जपानांत नेऊन काम दाखविण्यांत आलें. तेथें त्यांनीं पाहिलें कीं, सरकत्या पट्ट्याच्या वर एक दोरी टांगलेली असते. कोणाहि साध्या कामगारास आपल्या कामांत चूक दिसली, बोल्ट नीट बसला नाहीं, कीं त्यानें ती दोरी ओढावी. मुकादम धांवत येतो, तो रागावत नाहीं, साह्य करतो. आणि तेवढ्यांत चूक सुधारली नाहीं तर सारा पट्टा थांबतो. अमेरिकेंत पट्टा थांबविणें हें महापातक मानलें जाई. मोटारींत इंजिन उलटें बसलेलें दिसलें तरी ती पुढें जाऊं द्यावी, मागाहून अंगणांत दुरुस्त करावी, अशी तेथील रीत. नवी पद्धति सुरू झाल्यावर त्याच फ्रीमाँटमध्यें, त्याच माणसांच्या हातून, थोड्याच काळांत जपानी मोटारींच्या तोडीच्या मोटारी निघूं लागल्या आणि गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली.

आतां असें वाटेल कीं हें पाहून कंपनीनें आपल्या सर्व कारखान्यांत दोऱ्या टांगल्या असतील. कांहीं ठिकाणीं टांगल्याहि. पण दोरी ओढणाऱ्यावर मुकादम पूर्वींसारखाच ओरडे. ज्यास दोष दिसतो त्यास बोलण्याची मोकळीक असावी ही गोष्ट दोरीबरोबर विकत मिळत नाहीं. मोठ्या अधिकाऱ्यांना आपण पन्नास वर्षें जगांत पहिले आहोंत हें ठाऊक होतें. जे पहिले आहेत त्यांनीं कोणाकडून काय शिकावयाचें?

याचा परिणाम सावकाश दिसला. बाजारांतील अर्धा वांटा होता तो पाव झाला, पावाच्याहि खालीं गेला. १८९७ पासूनची ओल्ड्समोबील २००४ सालीं बंद पडली. २००८ सालीं जगभर पैशाची टंचाई आली तेव्हां कंपनीपाशीं पगारापुरतेंहि नाणें उरेना, आणि त्याच वर्षीं टोयोटानें तिचा पहिला क्रमांक घेतला. १ जून २००९ रोजीं तिनें न्यायालयांत दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. मालमत्ता सुमारें ८२ अब्ज डॉलरची, देणें सुमारें १७३ अब्जांचें. अमेरिकन सरकारनें सुमारें ५० अब्ज डॉलर घातले, तेव्हां चाळीस दिवसांत नवी कंपनी उभी राहिली. पाँटियाक गेली, सॅटर्न गेली, हजारों विक्रेत्यांचीं दुकानें उठलीं, आणि जुन्या शेअरांचे कागद कवडीमोल झाले. सरकारनें आपले शेअर विकून २०१३ अखेर अंग काढून घेतलें; कर भरणाऱ्या लोकांचे त्यांत सुमारें दहा अब्ज डॉलर बुडाले.

जुनी संवय मात्र दिवाळखोरींत बुडाली नव्हती. २०१४ सालीं उघडकीस आलें कीं, कंपनीच्या कांहीं लहान मोटारींत किल्लीचें बटण सैल होतें. गुडघ्याचा धक्का लागला किंवा किल्ल्यांचा जुडगा जड असला तर धांवत्या गाडींत इंजिन बंद पडे, सुकाणूं जड होई, आणि टक्कर झाल्यास जीव वांचविणारी हवेची पिशवी उघडतच नसे. हा भाग एक डॉलरहि किंमतीचा नव्हता. कंपनीतील कांहीं लोकांना दोष दहा वर्षांहून अधिक काळ माहीत होता. एवढेंच नव्हे, तर २००६ सालीं तो भाग गुपचूप सुधारण्यांत आला आणि त्याचा क्रमांक जुनाच ठेवण्यांत आला, त्यामुळें पुढें शोध घेणाऱ्यांना फरकच कळेना. त्या बटणाच्या सुमारें २६ लाख मोटारी परत बोलावल्या गेल्या. १२४ मृत्यूंची भरपाई द्यावी लागली. चौकशीच्या अहवालांत तेथील सभांचें वर्णन आहे: दोषाचा विषय निघाला कीं सर्वजण मान डोलवीत, उपाय केला पाहिजे असें म्हणत, आणि खोलीबाहेर पडल्यावर कोणीहि कांहीं करीत नसे. शाळेंतील समित्यांतहि कधीं कधीं असेंच चालतें, पण तेथें सुदैवानें कोणाचा प्राण जात नाहीं.

आतां पुन्हां आपल्या देशाकडे वळूं. भारतानें परदेशी भांडवलास दारें उघडल्यावर जनरल मोटर्स १९९४ सालीं हिंदुस्थान मोटर्सशीं भागी करून परत आली. गुजराथेंत हालोल येथें कारखाना निघाला व १९९६ सालीं तिच्या जर्मन शाखेची ओपेल अॅस्ट्रा बाजारांत आली. २००३ सालीं शेव्हरोले हें जुनें नांव तिनें पुन्हां आणलें. त्या नांवाखालीं येणाऱ्या मोटारींचीं कुळें मात्र निरनिराळीं होतीं. टवेरा जपानी कुळांतील, लहान स्पार्क कोरियन कुळांतील. सप्टेंबर २००८ मध्यें तळेगांव दाभाडे येथें तिचा दुसरा, अधिक मोठा कारखाना उघडला. वर्षास १ लाख ४० हजार मोटारी काढण्याची त्याची शक्ति होती. २०१० व २०११ सालीं तिची येथील विक्री लाखाच्या वर गेली. तेव्हां ज्या मुलास तळेगांवांत काम लागलें त्याच्या आईबापांनीं पेढे वांटले असतील तर त्यांत नवल नव्हतें.

मग २०१३ सालीं टवेराचें प्रकरण झालें. सरकारी तपासणीस जाणाऱ्या गाड्यांत धूर कमी सोडणारीं, मुद्दाम निवडून ठेवलेलीं इंजिनें बसवीत आणि बाजारांत निराळ्याच गाड्या जात, हें कंपनीला स्वतःच जाहीर करावें लागलें. १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावण्यांत आल्या व कांहीं अधिकाऱ्यांना काढून टाकण्यांत आलें. ज्या गाडीनें आपल्या घाटांतून एवढीं माणसें सुखरूप आणलीं, तिच्या कागदांत खोटेपणा होता. चढ चांगला चढणाऱ्या मुलानें परीक्षेंत दुसऱ्याची वही दाखवावी तसें हें झालें. आमच्या मतें यांत वाईट वाटण्यासारखी गोष्ट ही कीं, तें करणारे सगळे शिकलेले होते.

गिऱ्हाईक दुरावत गेलें. नव्या नमुन्यांची वाण, सुटे भाग वेळेवर मिळण्याची चिंता आणि मारुती व ह्युंदाई यांनीं गांवोगांव पसरलेलीं दुरुस्तीचीं दुकानें, यांपुढें कंपनीचा टिकाव लागेना. जुलै २०१५ मध्यें मुख्य अधिकारी मेरी बारा यांनीं भारतांत एक अब्ज डॉलर घालण्याची घोषणा केली. दोन वर्षेंहि लोटलीं नाहींत तोंच, मे २०१७ मध्यें, त्याच कंपनीनें वर्षअखेर भारतांतील विक्री बंद करण्याचें जाहीर केलें. बाजारांतील तिचा वांटा तेव्हां शंभरांत एकाहूनहि कमी होता. हालोलचा कारखाना आधींच मिटला होता. तो एका चिनी कंपनीनें घेतला. तळेगांव मात्र चालू राहिलें, कारण तेथून मेक्सिकोसारख्या देशांना मोटारी जात. म्हणजे मराठी हातांनीं जोडलेली शेव्हरोले महाराष्ट्रांत विकत मिळत नसे, पण समुद्रापलीकडे मिळे.

जानेवारी २०२० मध्यें तळेगांवचा कारखाना ग्रेट वॉल या चिनी कंपनीस विकण्याचें ठरलें. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें सरकारनें शेजारी देशांतून येणाऱ्या भांडवलास आधीं परवानगी लागेल असा नियम केला, जूनमध्यें गलवानच्या खोऱ्यांत रक्तपात झाला, आणि परवानगी कधीं आलीच नाहीं. इकडे डिसेंबर २०२० मध्यें तळेगांवांत शेवटची मोटार तयार झाली. पुढच्या एप्रिलांत, कोविडच्या दुसऱ्या लाटेच्या ऐन भरांत, चौदाशेंहून अधिक कामगारांना कामावरून कमी केल्याचीं पत्रें मिळालीं. २००८ सालीं जीं मुलें विशीच्या आंतबाहेर होतीं तीं आतां तिशी उलटलेलीं, घरासाठीं कर्ज काढलेलीं, मुलें शाळेंत घातलेलीं होतीं. कांहींनीं भरपाई घेतली. पुष्कळांनीं ती नाकारून न्यायालयाची वाट धरली.

चिनी कंपनीशीं झालेला करार २०२२ च्या मध्यास संपुष्टांत आला. ऑगस्ट २०२३ मध्यें कोरियाच्या ह्युंदाई कंपनीनें कारखाना घेण्याचा करार केला व जानेवारी २०२४ मध्यें व्यवहार पुरा झाला. मधल्या काळांत जुन्या कामगारांनीं नव्या मालकानें आपणांस कामावर घ्यावें म्हणून उपोषण केलें. विक्रीच्या करारांत काय काय हस्तांतरित होणार हें जाहीर झालें होतें: जमीन, इमारती, आणि कांहीं ठराविक यंत्रसामग्री. २०२५ सालीं त्या इमारतींतून ह्युंदाईच्या मोटारी बाहेर पडूं लागल्या.